खिळे-दोऱ्याच्या चित्रात मुलाचे काम किती?

महोदय,

फोंडा परिसरातील शाळांची हस्तकला प्रदर्शने मी आवर्जून पाहते. हल्ली तिथे खिळे आणि दोऱ्याची चित्रे पुष्कळ असतात. मोर, गणपती, फुलपाखरू. दिसायला देखणी, पण जवळ जाऊन पाहावे तर फळीला भोके आधीच पाडलेली, आकृती छापील, दोराही मापाने कापलेला. सगळा संच दुकानातला. मुलाने आकडे बघून दोरा फिरवला, इतकेच. आणि पहिला नंबर यालाच! मला याचे फार वाईट वाटते.

मी हायस्कूलात भूमिती शिकवली आहे. कोऱ्या प्लायवर काटकोनात दोन रेषा आखायच्या, प्रत्येकीवर सेंटिमीटर-सेंटिमीटरवर २० खिळे. कोपऱ्यापासून दोन्हीकडे १ ते २० आकडे घालायचे. मग या बाजूचा १ त्या बाजूच्या २० ला, २ हा १९ ला, ३ हा १८ ला. बेरीज दर वेळी २१. दोरा प्रत्येक वेळी सरळच जातो, तरी हळूहळू एक वळण उमटते. ते पॅराबोलाचे, म्हणजे तिरक्या फेकलेल्या चेंडूच्या वाटेसारख्या वक्राचे. समीकरणाचे नावही न ऐकलेले सातवीतले मूल तो बोटांनी काढते. एखादा खिळा दोन-तीन मिलिमीटर सरकला असला, की वळणाला तिथेच पोचा येतो. मग कोणी न सांगता मूल पट्टी शोधू लागते. संचात हा क्षणच येत नाही.

वर्तुळावर दर १० अंशांना एक असे ३६ खिळे मारून प्रत्येक आकडा त्याच्या दुपटीला जोडला, तर हृदयाचा आकार येतो. १८ हा ३६ ला जातो; १९ ची दुप्पट ३८, म्हणजे एक फेरी संपून पुन्हा २. हे मुलांना चटकन कळते.

सरळ दोऱ्यांतून वळण काढण्याची ही युक्ती मुलांच्या गणितासाठी रुजवली ती मेरी एव्हरेस्ट बूल (१८३२–१९१६) यांनी. ज्यांचे नाव एव्हरेस्ट शिखराला आहे, त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची ही पुतणी. त्यांच्याकडे खिळेही नव्हते, पुठ्ठ्याच्या कार्डात सुईदोरा ओवायचा. खर्चाची सबब म्हणूनच मला पटत नाही. सुताराकडे प्लायचे तुकडे मिळतात. चुका, म्हणजे बारीक खिळे, मात्र पितळी घ्याव्यात. आपल्या पावसाळ्यात लोखंडी चुका गंजतात आणि पांढऱ्या दोऱ्यावर तांबूस डाग पडतात. लहान मुलांनी चूक पकडीत धरून ठोकावी, बोटे वाचतात.

शिक्षकांना आणि परीक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. तयार संचांना स्पर्धेतून वगळावे आणि प्रत्येक चित्राशेजारी मुलाने पेन्सिलीने आखलेला, खाडाखोडीसकटचा कागद लावायला सांगावा. गुण देताना तो कागद आधी पाहावा.

– एक निवृत्त गणित शिक्षिका, बांदोडा, फोंडा