प्रारब्ध म्हणताना आपण काय विसरतो

बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझी प्रकृती बरी असेल.

बघ, पहिल्याच ओळीत 'प्रकृती' हा सांख्यांचा, म्हणजे एका जुन्या भारतीय दर्शनाचा शब्द आला. त्यांच्या 25 तत्त्वांत पुरुष, म्हणजे आतला जाणणारा, एक, बाकीची 24 म्हणजे प्रकृती आणि तिचा पसारा. प्रकृतीची चौकशी करताना शरीर वेगळं आणि त्यात राहणारा वेगळा, हे आपण न शिकता धरून चालतो.

"प्रारब्धात असेल ते होईल" म्हणणाऱ्याशी काय बोलावं, असं तू विचारलंस. मुळात कर्माचे भाग तीन. संचित म्हणजे साठलेलं, प्रारब्ध म्हणजे फळ द्यायला लागलेलं, आणि क्रियमाण म्हणजे आत्ता हातून घडतंय ते. बोलण्यात पहिले दोन टिकले, तिसरं गळालं. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात कुंभाराच्या चाकाचा दाखला दिलाय. खानापुरात पाहिलंयस ना, दांडक्यानं गती दिली की दांडकं काढलं तरी चाक फिरतं, वेग सरला की थांबतं. पण तिथला प्रश्न वेगळा होता: ज्ञान झालं तरी ज्ञानी माणसाचं शरीर लगेच का पडत नाही? साखर वाढल्यावर गोळी घ्यावी की नाही, याचं ते उत्तर नव्हे. मी तर म्हणेन, चाक आपोआप फिरत असलं तरी मातीवरचे हात कुंभाराचेच असतात.

आपल्या भागात 'कायकवे कैलास', म्हणजे कष्टाचं काम हाच कैलास, या वचनाचंही तेच झालंय: अर्धं टिकलं, अर्धं गळालं. 12व्या शतकातल्या शरणांनी, म्हणजे बसवण्णांच्या वाटेवरच्या भक्तांनी, कायकाला दासोहाची जोड दिली होती: कष्टानं मिळवायचं आणि वाटून खायचं. दासोह मठाच्या पंगतीपुरता उरला, आणि नुसतं कायक मजुराला जादा राबवायला वापरतात. हे मला फार खुपतं.

असं वाक्य कानावर आलं की आधी जसंच्या तसं लिहून घे. मग "कशावरून?" विचार. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, अनुमानाचे अवयव पाच: प्रतिज्ञा (आपलं म्हणणं), हेतू (त्याचं कारण), उदाहरण (नियम आणि दाखला), उपनय (तो नियम इथे लावणं), निगमन (निष्कर्ष). बोलताना माणूस बहुधा प्रतिज्ञा आणि हेतू एवढंच सांगतो. "मांजर आडवं गेलं, काम होणार नाही." इथे उदाहरणाची जागा भरायला लाव: जिथे जिथे मांजर आडवं गेलं, तिथे तिथे काम फसलं का? मांजर आडवं जाऊनही एकदा जरी काम झालं असेल, तर हेतू सव्यभिचारी, म्हणजे भरवशाचा नाही.

मात्र चारचौघांत विचारू नकोस. माणूस वाक्य सोडून अब्रू सांभाळायला लागतो. दुखण्यात किंवा सुतकात तर नकोच. तिथे 'भोग' हा शब्द धीर देत असतो.

निपाणीकडची अशी वाक्यं ऐकशील तशी लिहून धाड. कानडी असली तर कानडीतच.

तुझा मित्र