प्रोग्रेसिव्ह रॉकच्या परीक्षणात गळ्यालाही जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत पाश्चात्त्य संगीताची परीक्षणे येतात आणि प्रोग्रेसिव्ह रॉकसारख्या, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकसारख्या, मराठीत फारसे न लिहिल्या गेलेल्या प्रकाराचीही त्यांत दखल घेतली जाते, याचे मला मनापासून समाधान वाटते. मात्र तालाची गुंतागुंत, गिटारचे काम आणि की-बोर्डचे थर यांवर सविस्तर लिहून झाल्यावर गायनाच्या वाट्याला शेवटी जेमतेम एखादे वाक्य येते. वास्तविक, ऐकणारा अशा अल्बममध्ये रमतो की मध्येच उठतो, हे बहुतेक वेळा गायकाचा गळाच ठरवतो.

पुण्याच्या श्रोत्याला तर हे विशेष लागू पडते. सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल ऐकत वाढलेला माणूस पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडच्या ‘मनी’ या गाण्यातील सात मात्रांनी बिचकत नाही, तो अडतो आवाजापाशी. सवाई गंधर्व महोत्सवात गायकाचा षड्ज कसा लागला यावरून पुढच्या तासाभराचा अंदाज बांधणारे हे कान आहेत आणि ते रॉक ऐकतानाही तसेच ऐकतात.

‘येस’ या इंग्लिश बँडचे उदाहरण घेण्यासारखे आहे. १९७२ सालच्या ‘क्लोज टू द एज’ या सुमारे १९ मिनिटांच्या रचनेत सुरुवातीला वाद्यांची अक्षरशः झुंबड उडते; मध्यावर ती ओसरते आणि जॉन अँडरसनचा उंच, स्वच्छ आवाज सहगायकांच्या साथीने संथपणे वर चढत जातो. त्या शांत भागामुळेच आधीच्या गोंधळाला अर्थ येतो आणि पुढचा चर्च ऑर्गन अंगावर येतो. १९८० मध्ये अँडरसन आणि की-बोर्डवादक रिक वेकमन बाहेर पडले आणि ट्रेव्हर हॉर्नने गायलेला ‘ड्रामा’ निघाला. गिटार, बास आणि ड्रम्स वाजवणारे तिघेही जुनेच होते आणि मला तो अल्बम वादनाच्या दृष्टीने उत्तम वाटतो. तरीही अनेक चाहत्यांना ती ‘येस’ वाटलीच नाही. याउलट ‘जेनेसिस’ या इंग्लिश बँडमधून १९७५ मध्ये गायक पीटर गेब्रियल गेल्यावर ड्रमर फिल कॉलिन्सने गायनाची जबाबदारी घेतली आणि पुढच्याच वर्षीचा ‘अ ट्रिक ऑफ द टेल’ हा अल्बम लोकांनी उचलून धरला. कॉलिन्स आधीपासून मागे सूर धरत होता आणि त्याच्या आवाजाची जात गेब्रियलशी जुळणारी होती, त्यामुळे श्रोत्यांचा कान त्या गळ्याला सरावलेला होता, असे मला वाटते.

इंग्रजी शब्द नीट कळत नाहीत म्हणून हे संगीत आपले नाही, असे म्हणणाऱ्यांना मी आग्रहाने पिंक फ्लॉइडचे ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ ऐकायला सांगेन. १९७३ साली क्लेअर टोरी या गायिकेने एकाही शब्दाविना, केवळ स्वरांतून ते गायले. आलाप आणि तराणा ऐकणाऱ्याला तिथे काही समजावून सांगावे लागत नाही. त्या ध्वनिमुद्रणाचे तिला अवघे ३० पौंड मिळाले होते. पुढे ती न्यायालयात गेली आणि २००५ मधील तडजोडीनंतर तिचे नाव सहसंगीतकार म्हणून लागले. गायिकेच्या गळ्याने रचनाच घडवली होती, हे मान्य व्हायला तीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला, याची मला आजही खंत वाटते.

‘ओपेथ’ या स्वीडिश मेटल बँडविषयी मतभेद होतील, याची मला कल्पना आहे. त्याचा गायक मिकाएल ऑकरफेल्ट घशातून गुरगुरतो तेव्हा अनेक ज्येष्ठ श्रोते लगेच हेडफोन काढून ठेवतात. त्यांनी आधी २००३ चा ‘डॅम्नेशन’ हा अल्बम ऐकावा. त्यात तो गुरगुरणे पूर्णपणे बाजूला ठेवून मृदू आवाजात गातो. त्यानंतर २००१ च्या ‘ब्लॅकवॉटर पार्क’कडे वळल्यास तोच गळा रूप कसा आणि कशासाठी बदलतो, हे ध्यानात येते.

आपल्या परीक्षकांना माझी विनंती आहे की, आवाजाची पट्टी आणि पोत, सहगायनाची रचना, तसेच मिक्सिंगमध्ये गळा वाद्यांच्या पुढे ठेवला आहे की मागे दडपला आहे, याविषयी त्यांनी किमान एक परिच्छेद लिहावा. शहरातील तरुण बँडविषयी लिहिताना तर हे अवश्य करावे, कारण त्यांच्या कार्यक्रमांत ड्रम्स आणि गिटारच्या आवाजाखाली गायकाचे शब्द बऱ्याचदा ऐकूच येत नाहीत, आणि वृत्तपत्राने ते नोंदवले तर ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्यांपर्यंतही ते पोहोचेल.

आपला,
एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे