युद्धातल्या मुलांच्या पाण्यासाठी आवाहन

मंडळाच्या सर्व भगिनींना आणि नेरूळमधल्या शेजाऱ्यांना नमस्कार.

मोरबे धरणाच्या जलवाहिनीचं काम निघालं की महापालिकेची सूचना आधी येते. आपण पिंप भरतो, पातेली भरतो, मुलांना लवकर आंघोळीला पिटाळतो. मे २०२५ मध्ये सुदानच्या खार्टूम परिसरातली वीजकेंद्रं ड्रोनहल्ल्यांत बंद पडली आणि त्यांच्यासोबत पाण्याचे पंपही. पिंप भरायला कुणाला वेळच मिळाला नाही. लोक मिळेल तिथलं पाणी प्यायले, कॉलरा झपाट्याने पसरला.

युनिसेफने २०१९ मध्ये दीर्घ संघर्षात अडकलेल्या १६ देशांची आकडेवारी मांडली होती. तिथली १५ वर्षांखालची मुलं प्रत्यक्ष हिंसाचारापेक्षा घाण पाण्यामुळे होणाऱ्या जुलाबाने दगावण्याची शक्यता जवळपास तिप्पट होती. गाझात जुलै २०२४ मध्ये सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला. ऑगस्टमध्ये तिथल्या दहा महिन्यांच्या बाळाला पोलिओ झाल्याचं निष्पन्न झालं, २५ वर्षांतला पहिला रुग्ण. पल्स पोलिओच्या बूथवर बसलेल्या आपल्या मैत्रिणींना याचा अर्थ सांगायला नको.

मदतकार्यात किमान गरज धरतात ती माणशी दिवसाला १५ लिटर पाणी आणि २० जणांत एक संडास. १५ लिटर म्हणजे आपल्या न्हाणीघरातली एक बादली. पिणं, स्वयंपाक, आंघोळ, सगळं त्यातच. अनेक छावण्यांत तेवढंही मिळत नाही. पाण्याच्या रांगेत उभं राहण्यापायी मुलींची शाळा सुटते. पाळी आली तर ना धुवायला पाणी, ना आडोसा. अंधारात संडासला जायला लागू नये म्हणून कित्येकजणी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. बैठकीत हे वाचलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही.

म्हणून ही विनंती. कपडे किंवा पाण्याच्या बाटल्या आणू नका, त्या तिथवर पोहोचवणं आपल्या हातात नाही. तिथे गरज आहे क्लोरीनची, पंपांच्या डिझेलची आणि सुट्या भागांची, सॅनिटरी पॅडची. ते काम करणाऱ्या युनिसेफ किंवा आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या अधिकृत संकेतस्थळावर थेट, स्वतःच्या नावाने पैसे भरा. मंडळ रोख रक्कम घेणार नाही. शंभर रुपयेही चालतील, मनापासून द्या.

ज्येष्ठांना फोनवरून पैसे भरणं अवघड वाटत असेल तर येत्या दोन्ही रविवारी सकाळी १० ते १ मंडळाच्या खोलीवर या. कॉलेजातल्या आपल्या मुली शेजारी बसून मदत करतील. ओटीपी मात्र कुणालाही सांगू नका, आम्हालाही नाही.

आपल्या,
मंडळाच्या कार्यकारिणी सदस्या, नेरूळ