मशीनच्या स्लिपवर माझी कपात पण छापा : अर्थमंत्र्यांना कोल्हापूरहून खुलं पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

मॅडम, नमस्कार.

कोल्हापुरातनं लिहितोय. इथं शिवाजी चौकाजवळ चप्पल लाईन आहे, तिथं माझं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासनं. पत्र मराठीत आहे कारण आमचं हिंदी ऐकून हिंदीवालेच हसतात, आणि इंग्रजी मला वाचता येतं पण त्यात भांडता येत नाही. तुमच्या ऑफिसात कोणीतरी मराठी माणूस असेलच, त्याच्याकडनं वाचून घ्या.

विषय स्वाइप मशीनचा आहे. आधी एक रविवार सांगतो मग मुद्द्यावर येतो.

दुपारचे दोन वाजले होते, अंबाबाईचं दर्शन उरकून पब्लिक खरेदीला सुटतं ती वेळ. बंगळूरची एक फॅमिली आली, नवरा-बायको, दोन पोरी आणि आजी. आजींना मऊ पायताण पाहिजे, पोरींना बारीक वेणीची, आणि साहेबांना कापशी पाहिजे, कर्रकर्र वाजणारी, पण जास्त वाजायला नको म्हणे, ऑफिसात घालायची आहे. (ऑफिसात कापशी. असो.) बाईंनी स्वतःला काहीच घेतलं नाही पण चारही जोड पसंत त्यांनीच केले. तासभर गेला, अर्धं दुकान खाली काढलं, घासाघीस करून ६,००० ला सौदा बसला. साहेबांनी कार्ड काढलं, काळं, धातूचं, काउंटरवर ठेवलं तर बंदा रुपया पडल्यासारखा आवाज आला. पिन टाकला, तीन-चार सेकंदात स्लिप बाहेर. साहेबांच्या फोनवर लगेच मेसेज, ६,००० खर्च झाले. माझ्या हातातल्या स्लिपवर पण ६,०००. सगळे खूश, आजी तर नवीन पायताण घालूनच गेल्या, जुनं खोक्यात.

सोमवारी रविवारच्या सगळ्या कार्डांची मिळून एकच रक्कम खात्याला लागली. त्यात या ६,००० चे नेमके किती आले हे मला कधी कळलं, तर पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला, स्टेटमेंट आल्यावर. ५,८३७ रुपये १६ पैसे. ते काळं कार्ड बँकेच्या भाषेत ‘प्रीमियम’ होतं, त्याला मला २.३ टक्के लागतात, म्हणजे १३८ रुपये, आणि त्या १३८ वर १८ टक्के जीएसटी, २४ रुपये ८४ पैसे. जीएसटी मला क्लेममध्ये परत मिळतो हे प्रामाणिकपणे सांगतो, पण शेजारचा दुकानदार कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत आहे, त्याला तो पण मिळत नाही. आता कारागिराचे पैसे, भाडं, पोरांचा पगार, लाईट सगळं वजा केलं तर अशा बिलात मला साधारण सहाशे रुपये उरतात. त्यातले १३८ गेले. तासभर चपला मी काढल्या आणि नफ्याचा जवळजवळ पाव हिस्सा ज्याला मिळाला त्याचं दुकान कुठं आहे हेही मला माहीत नाही.

मॅडम, हे पैसे कुठं जातात ते मी मुद्दाम समजून घेतलं, सहा महिने लागले, कारण मशीन बसवायला आलेल्या पोराला विचारलं तर तो म्हणाला ‘एमडीआर आहे काका’, म्हणजे काय विचारलं तर म्हणाला ‘सगळीकडेच असतो’. (एमडीआर म्हणजे मर्चंट डिस्काउंट रेट, कार्डाच्या व्यवहारावर दुकानदाराकडनं कापतात तो चार्ज.) तुम्हाला माहीतच आहे पण हे पत्र दुकानदार मित्र पण वाचणार म्हणून लिहितो. कार्ड लागलं की मशीन आधी माझ्या बँकेला विचारतं, माझी बँक व्हिसा, मास्टरकार्ड नाहीतर रुपेच्या नेटवर्कला विचारते, नेटवर्क गिऱ्हाइकाच्या बँकेला विचारतं की बाबा याच्या कार्डात एवढी लिमिट शिल्लक आहे का, ती हो म्हणाली की तोच हो उलट्या रस्त्यानं परत येतो आणि स्लिप निघते. यात पैसा एक रुपया पण हललेला नसतो, नुसता शब्द दिलेला असतो. रात्री दुकान बंद करताना दिवसभराच्या कार्ड व्यवहारांची बॅच एकदम सेटल होते, मग बँका आपसात हिशोब करतात आणि उरलेलं मला येतं. आणि ‘उरलेलं’ म्हणतो कारण मधल्या तिघांनी आपापला वाटा काढून घेतलेला असतो, माझ्या बँकेचा थोडा, नेटवर्कचा थोडा, आणि सगळ्यात मोठा गिऱ्हाइकाच्या बँकेचा, त्याला इंटरचेंज म्हणतात. कार्ड जेवढं भारी तेवढा हा वाटा जाड. त्यातनंच गिऱ्हाइकाला पॉइंट मिळतात, विमानतळावरच्या लाउंजमध्ये बसून फुकट डोसा मिळतो. मला डोशाबद्दल तक्रार नाही हो, खाऊ देत, पण निदान बिल कोण भरतंय हे त्याला आणि मला दोघांना कळू दे एवढंच.

बरं कार्ड नकोच म्हणावं तर तसंही नाही. कार्डवालं गिऱ्हाईक एका जोडासाठी येतं आणि तीन घेऊन जातं, महिना-दीड महिन्यानं पैसे भरायचे म्हटल्यावर हात मोकळा सुटतो माणसाचा. पूर्वी ही उधारी आम्ही वहीत लिहायचो आणि वसुलीला सायकल मारत जायचो. आता ती बँक देते आणि मला दुसऱ्या दिवशी पैसे मिळतात, याची किंमत असणार, मान्य. मोफत द्या असं मी म्हणत नाहीये.

पण आता हे बघा. तोच ६,००० चा व्यवहार. यूपीआयनं बँक खात्यातनं केला तर मला चार्ज शून्य. रुपे डेबिट कार्ड, शून्य. हे तुमच्याच सरकारनं १ जानेवारी २०२० पासून केलंय, आणि लई चांगलं केलंय. दुसऱ्या नेटवर्कचं डेबिट कार्ड असेल तर रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०१८ पासून वरची मर्यादा घातली आहे, वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असली तर ०.४० टक्के आणि एका व्यवहाराला २०० रुपयांच्या वर नाही, उलाढाल त्यापेक्षा जास्त असली तर ०.९० टक्के आणि १,००० च्या वर नाही. म्हणजे माझे जास्तीत जास्त ५४ रुपये गेले असते. आणि क्रेडिट कार्ड? त्याला मर्यादाच नाही. साधं कार्ड माझ्याकडं १.८ टक्के, प्रीमियम २.३, कंपनीचं नाहीतर परदेशातलं आलं तर ३ टक्के. खोकं तेच, चप्पल तीच, पिशवी पण तीच. आणि कार्डाकडं बघून मला कळत नाही कुठलं कोणत्या खान्यात बसतंय, काळं कार्ड साधं निघतं आणि एखादं फुलाफुलाचं कार्ड तीन टक्क्यांचं निघतं.

आता यूपीआयमध्ये पण ही गंमत शिरली आहे. २०२२ पासून रुपेचं क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. छोट्या दुकानदाराला २,००० पर्यंत त्याचा चार्ज नाही, पण त्याच्या वर लागतो. गिऱ्हाईक तोच क्यूआर स्कॅन करतं, साउंडबॉक्स आख्ख्या लाईनला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडतो की अमुक रुपये मिळाले, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर तेवढे मिळालेलेच नसतात. आमच्या मिसेस हिशोब बघतात, त्या म्हणाल्या हा डबा खोटं बोलतो. बोलतो तर बोलतो, गिऱ्हाइकासमोर बोलतो.

मग लोक काय करतात तेही सांगतो, तुमच्यापासनं लपवून काय करायचं. गुजरीत माझा एक मित्र सराफ आहे. सोन्यात मार्जिन किती असतंय तुम्हाला माहीत आहे, लाखाचा दागिना क्रेडिट कार्डावर गेला की दोन हजार तिथंच गेले. तो सरळ सांगतो, कार्ड असेल तर दोन टक्के वर. गिऱ्हाईक फोन काढतं, नियम दाखवतं, आवाज चढतो, चहा मागवून मिटवावं लागतं. आणि नियम गिऱ्हाइकाच्याच बाजूचा आहे, डेबिट कार्डावर असे जादा पैसे घ्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे आणि क्रेडिट कार्डाचं बँकेच्या करारातच लिहिलेलं असतं. तो करार मी पण सही केलाय, चौदा पानं इंग्रजी, मशीन बसवताना काउंटरवर उभ्या उभ्या, एका हातात आठ नंबरचा जोड धरून.

दुसरा किस्सा जरा लांब आहे पण सांगतोच. नवरात्रातली गर्दी, रेंजचा पत्ता नाही, मशीनवर नुसता गोल गोल फिरतोय. ४,८५० चं बिल. पहिल्यांदा कार्ड लावलं, अडकलं, स्लिप आलीच नाही. दुसऱ्यांदा लावलं, आली. गिऱ्हाइकाला दोन मेसेज गेले. मी म्हटलं काळजी करू नका, अडकलेला आपोआप परत येतो. यायलाच पाहिजे, रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे, स्लिप निघाली नाही आणि पैसे कापले तर पाच दिवसांत परत, उशीर झाला तर गिऱ्हाइकाला दिवसाला १०० रुपये भरपाई. तसा तो आला पण. पण त्या भल्या माणसानं तोवर बँकेत तक्रार पण टाकलेली, दोनदा कापले म्हणून, आणि बँकांच्या आपसातल्या गोंधळात जो खरा व्यवहार होता तोच माझ्याकडनं उलटा ओढला गेला. याला चार्जबॅक म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. दोन महिन्यांनी मेल आला, सात दिवसांत स्लिप पाठवा. स्लिप होती, खिळ्याला टोचून ठेवलेली होती, पण मॅडम ती स्लिप थर्मल कागदाची असते, शाई नसतेच, उष्णतेनं अक्षर उठतं आणि उष्णतेनंच उडतं. माझ्या काउंटरच्या वर पत्रा आहे. मी स्लिप काढली तर कोरी करकरीत, तिरकी धरली तर कुठंतरी एक ४ दिसल्यासारखा वाटतो. तिचाच फोटो पाठवला. उत्तर आलं, पुरावा वाचता येत नाही. ४,८५० गेले, चप्पल गेली, आणि त्या व्यवहाराचे चार्जेस गेले ते वेगळेच. गिऱ्हाइकाला शोधलं असतं पण नंबर घेतला नव्हता, आणि खरं सांगू तर त्याचा पण दोष नव्हता, त्याला वाटलं बँकेनं चूक दुरुस्त केली. पण गिऱ्हाइकाला उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये, आणि दुकानदाराचे पैसे अडकले तर त्याला काय, याचं उत्तर त्या परिपत्रकात मला सापडलं नाही.

२०२५ च्या जूनमध्ये आमची चप्पल मिलानच्या रॅम्पवर चालली, आठवत असेल तुम्हाला, केवढा गाजावाजा झाला, आधी कोल्हापूरचं नाव सुद्धा घेतलं नव्हतं त्या प्राडा कंपनीनं आणि आमच्या चपलेला २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. त्यावर भांडून झालं. मला त्यातनं वेगळीच गोष्ट सापडली. त्या मिलानमधल्या दुकानदारानं साध्या ग्राहकाचं क्रेडिट कार्ड घेतलं तर त्याच्यावरचं इंटरचेंज ०.३ टक्क्याच्या वर घेता येत नाही, युरोपियन युनियननं २०१५ ला कायदाच केला. ६,००० वर १८ रुपये. नेटवर्कचे आणि त्याच्या बँकेचे पैसे वेगळे, ते धरून सुद्धा माझ्या १३८ च्या बरेच खाली. ऑस्ट्रेलियानं तर २००३ लाच मर्यादा आणली होती. बँका तिकडं पण आहेत आणि कार्डं तिकडं पण चालतात.

म्हणून क्रेडिट कार्डाला पण डेबिटसारखी वरची मर्यादा घाला, एवढं तर मागतोच. त्याला वेळ लागेल, बँका तुमच्याकडं येऊन बसतील, पॉइंट बंद होतील म्हणून कार्डवाले ओरडतील, हे समजतं मला.

पण दुसरी मागणी आहे तिला काही वेळ लागायला नको. स्लिपवर माझी कपात छापा. दोन स्लिपा निघतात, एक गिऱ्हाइकाची, एक माझी. माझ्यावर खाली दोन ओळी वाढवा : कार्डाचा प्रकार अमुक, चार्ज इतका, उद्या खात्याला येणार इतके. मशीनला तीन सेकंदात बंगळूरच्या माणसाची लिमिट कळते, तर माझा चार्ज कळायला पाच तारीख कशाला पाहिजे? साउंडबॉक्सला पण तेच सांगा, जेवढे मिळणार तेवढंच ओरड. आणि जमलंच तर कार्ड लावल्यावर, पिन टाकायच्या आधी, स्क्रीनवर मला दिसू दे की हे तीन टक्क्यांचं आहे. मग मी गिऱ्हाइकाला म्हणेन, दादा यूपीआयनं करा, शंभर रुपये कमी करतो. तो पण खूश, मी पण खूश. आज मी असं म्हणू शकत नाही कारण मला आकडाच माहीत नसतो.

आणि हो, तो कागद. ज्या स्लिपवर पैसे परत ओढायचे की नाही हे ठरतं ती दोन महिने तरी टिकेल असा कागद द्या, नाहीतर डिजिटल स्लिप हाच पुरावा धरा. रोलचे पैसे आम्हीच भरतोय शेवटी.

पत्रासोबत या महिन्याचं स्टेटमेंट जोडणार होतो, म्हणजे तुम्हाला कपातीचे सगळे आकडे बघता आले असते. पण आज तारीख आहे एकोणीस. ते पाच तारखेला येईल, आलं की पाठवतो.

आपला,
चप्पल लाईनमधला एक दुकानदार
कोल्हापूर