तुझ्या 'इंट्रोव्हर्ट' असण्याबद्दल

प्रिय पोरी,

स्वभावाच्या ऑनलाइन चाचणीत तू 'इंट्रोव्हर्ट', म्हणजे अंतर्मुख, निघालीस आणि लगेच गटाच्या सादरीकरणातला आपला भाग दुसऱ्याच्या गळ्यात घातलास, असं आईकडून कळलं. चाचणी चुकली असं मी म्हणत नाही. गर्दीतून आलीस की तू दार लावून बसतेस, आणि बाहेर येतेस ती ताजीतवानी होऊन. माझं उलटं. दिवसभर कुणाशी बोलणं झालं नाही तर मला करमत नाही, मग उगाच कुणाला तरी फोन लावतो.

पण सादरीकरणाचा यात काय संबंध? अंतर्मुख असणं वेगळं, बुजरं असणं वेगळं. अंतर्मुख माणसाला लोकांची भीती वाटते असं नाही. फार वेळ गोतावळ्यात राहिला की तो दमतो, एवढंच. बुजऱ्याला धास्ती असते ती लोक काय म्हणतील याची. आणि बुजरा माणूस बहिर्मुखही असू शकतो: जीव माणसांत रमतो, पण पाऊल पुढे पडत नाही. त्या बिचाऱ्याची खरी पंचाईत. दमणूक विश्रांतीनं जाते. भीतीचं तसं नाही, टाळत गेलं की ती वाढते. तुझं यातलं नेमकं काय आहे, ते तूच बघ.

स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगनं 1921 च्या पुस्तकात अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी मांडली, पण निव्वळ एकाच टोकाचा माणूस असतो असं त्यालाही वाटत नव्हतं. आजचे मानसशास्त्रज्ञ तर याकडे उंचीसारखं बघतात: फार बुटके थोडे, फार उंच थोडे, बाकी सगळे मधले. या मधल्यांना अँबिव्हर्ट म्हणतात. अ‍ॅडम ग्रँट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कॉल सेंटरमधल्या विक्रेत्यांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सर्वांत जास्त विक्री या मधल्यांचीच निघाली, बडबड्यांची नव्हे. सगळी नोकरी विक्रीत काढलेल्या तुझ्या बापाला हे वाचून जरा लागलंच.

सादरीकरणाला अजून आठवडा आहे ना? मग तुझा भाग परत मागून घे. दमायला होतं म्हणून नको वाटत असेल, तर आधीचा अर्धा तास एकटी बस आणि झाल्यावर सरळ घरी ये. भीती असेल तर प्रश्नोत्तरं दुसऱ्या कुणाला दे, तू फक्त सुरुवात कर. तालीम करायची असली तर मी आहेच ऐकायला. मध्ये न बोलण्याचा प्रयत्न करीन.

तुझा,
बाबा