साळूचा पिवळा दिवा

पुणे,
रविवार सकाळ

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू "साळू कशी आहे?" विचारलंस आणि मी "मस्त" म्हणून विषय बदलला. थाप मारली. त्या दिवशी तिच्या डॅशबोर्डवर एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा दिवा लागून तीन आठवडे झाले होते. आता विझलाय, म्हणून लिहायचा धीर आला. फोनवर तू मधेच तोडून शिव्या घातल्या असत्यास. पत्र मुकाट्याने वाचावं लागतं.

२०१५ साली तू एबीएसवालं मॉडेल मिळावं म्हणून दोन महिने थांबला होतास. काका म्हणाले होते, "ब्रेक काय सगळ्याच गाड्यांना असतात." तेव्हा सक्ती कुठे होती, ती सगळ्या नव्या गाड्यांना लागू व्हायला एप्रिल २०१९ उजाडलं. आणि नेमकं तेच मी बिघडवून ठेवलं.

मे महिन्यात पुढच्या डाव्या चाकातून घूं घूं आवाज येऊ लागला. वेगाबरोबर वाढायचा, उजवीकडे वळलं की जास्तच. बेअरिंग गेलंय हे मलाही कळलं. घराजवळच्या एका गॅरेजात ते बदलून घेतलं, गाडी पार्किंगमध्ये लावली आणि आठवडाभर ऑफिसच्या कामाने नागपूरला गेलो. आलो तो पाऊस घेऊनच. पहिल्याच दिवशी सिंहगड रोडला गुडघाभर पाण्यातून गाडी काढली आणि दिवा लागलेला दिसला. मी म्हटलं, पाणी शिरलं असणार, वाळेल. बेअरिंगचा विचार डोक्यात आलाच नाही, कारण आवाज तर बंद झाला होता ना!

नऊशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. तो म्हणे सगळं ठीक. हे स्वस्तातले स्कॅनर बहुतेक इंजिनाच्याच बिघाडाचे कोड वाचतात, एबीएसच्या कंट्रोलरपर्यंत पोचतच नाहीत, हे पैसे गेल्यावर समजलं. मग एका मोठ्या वर्कशॉपमध्ये त्यांच्या मशीनवर कोड निघाला : पुढच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर. मी लगेच नाना पेठेत जाऊन अठराशेचा नवा सेन्सर आणून बसवला. दिवा ढिम्म. वर्कशॉपवाले म्हणाले, मग आता एबीएसचं आख्खं युनिटच बदला, चाळीस हजारांच्या पुढे जाईल. सीमा म्हणाली, "त्यापेक्षा दिव्यावर टिकली लाव." खरं सांगतो, एक दिवस मी लावलीसुद्धा!

पण मध्ये वाईला मावशीकडे जाऊन आलो. येताना कात्रजचा नवा बोगदा संपला, समोर नवले पुलाकडचा तो उतार, धो धो पाऊस, पुढे ट्रक. साधा ब्रेक चालतोच रे, पिवळा दिवा एकटा असेल तर ब्रेक जात नाही. पण चाक जाम झालं की स्टिअरिंग फिरवून उपयोग शून्य, गाडी सरळच घसरत जाणार. अख्खा उतार मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. मागचे हॉर्नने कान फोडत होते. घरी आल्यावर टिकली काढली आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या शुक्रवार पेठेतल्या मिस्त्रींकडे गेलो. आधी का गेलो नाही? लाज. त्यांनी पहिलंच विचारलं असतं, बेअरिंग दुसरीकडे का घातलंस.

त्यांनी पहिलं विचारलं ते वेगळंच. "दिवा चावी फिरवल्यावर लागतो, की गाडी हलल्यावर?"

मी आठवू लागलो. चावी फिरवली की सगळे दिवे लागतात, त्यात हाही लागतो आणि दोन-तीन सेकंदांत विझतो. गल्लीच्या तोंडाशी जरा वेग घेतला की परत लागतो. मिस्त्री म्हणाले, "मग वायर तुटलेली नाही. तुटली असती तर कंट्रोलरला उभ्या उभ्याच कळलं असतं. सेन्सर जागेवर आहे, पण त्याला चाक फिरताना दिसत नाही." मशीन लावून मला शेजारी बसवलं आणि गाडी वीसच्या वेगाने चालवली. तीन चाकं वीस-एकवीस दाखवत होती, डावं पुढचं शून्य. तीन चाकं पळतायत आणि एक उभं, असं दिसल्यावर बिचारा कंट्रोलर एबीएस बंद करून दिवा लावणार नाही तर काय करणार!

"बेअरिंग कोणी घातलं?" आता आली का पंचाईत.

आपल्या गाडीत सेन्सरने मोजायला दाते असलेली वेगळी रिंग नाही. बेअरिंगच्या एका बाजूच्या काळ्या सीलमध्येच बारीक बारीक चुंबकं एकाआड एक उत्तर-दक्षिण बसवलेली असतात, आणि ती समोरून फिरताना सेन्सर मोजतो. ती बाजू सेन्सरकडेच यायला हवी. त्या गॅरेजवाल्याने बेअरिंग उलटं दाबलं होतं. चाक छान फिरतं, आवाजही नाही. फक्त सेन्सरसमोर कोरा पत्रा! मिस्त्रींनी दोन्ही बाजूंचे सेन्सर काढले आणि दोऱ्याला स्टेपलरची पिन बांधून त्या भोकांत सोडली. उजवीकडे पिन टपकन चिकटली. डावीकडे नुसती लोंबत राहिली. चाळीस हजारांच्या प्रश्नाचं उत्तर एका पिनेने दिलं, यार.

प्रेसने उपटलेलं बेअरिंग परत घालत नाहीत, म्हणून नवं आणावं लागलं. दाबायच्या आधी मिस्त्रींनी मलाच त्यावर पिन धरायला लावली, कुठल्या बाजूला चिकटते ते बघायला. मग कोड पुसला, एक चक्कर मारली, दिवा गेला. पहाटे रिकाम्या ओल्या रस्त्यावर चाळीसवरून जोरात ब्रेक दाबून बघितला : पायाखाली पेडल थरथरलं, म्हणजे एबीएस जागं झालं, आणि साळू सरळ रेषेत थांबली.

काढलेला जुना सेन्सर अजून डिकीत आहे, तो चांगलाच होता. डाव्या-उजव्याची अदलाबदल करून बघितली असती तर नव्याचे अठराशे वाचले असते. मिस्त्री तुझी चौकशी करत होते. मजुरी घेताना म्हणाले, "त्याला सांगू नका, तो रागवेल."

गणपतीत येतोयस ना? स्टेशनवर साळूलाच घेऊन येईन. चालव तूच.

तुझा,
बाळ्या