फाइल सर्व्हरसाठी एसएसडी घेताना

महोदय,

फाइल सर्व्हर (नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली पुरवणारा संगणक) संथ झाला की एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) बसवा, असा सल्ला आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत वाचला. सल्ला चूक नाही, पण अपुरा आहे. त्यावर विसंबून खरेदी केली तर पैसे वाया जातात, आणि प्रसंगी डेटाही.

आधी घोडे नेमके कुठे अडले आहे ते पाहावे. एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून प्रत्यक्षात सेकंदाला ११०-११५ एमबी जातात. ७२०० आरपीएमची एकटी हार्ड डिस्कही सलग वाचनात त्याहून जास्त देते. त्यामुळे मोठमोठ्या व्हिडिओ फाइली हलवणाऱ्यांना एसएसडीने काडीचा फरक पडणार नाही. त्यांनी आधी नेटवर्क १० गिगाबिटचे करावे. हार्ड डिस्कची दमछाक होते ती हजारो बारक्या फाइलींवर. हेड इकडून तिकडे फिरवण्यातच वेळ जातो आणि सेकंदाला शे-दीडशे कामांपुढे तिची मजल जात नाही. लिनक्सवर डिस्कचे काम मोजणारी ‘आयओस्टॅट’ आज्ञा चालवून ‘अवेट’चे, म्हणजे प्रत्येक कामाला लागणाऱ्या सरासरी वेळेचे, रकाने बघा. नेटवर्क मोकळे असूनही तिथे सतत ३०-४० मिलिसेकंद दिसत असतील, तर एसएसडीचा विचार जरूर करा.

पण कोणती? खोक्यावर छापलेला वेग बाजूला ठेवा. बऱ्याच घरगुती एसएसडी सुरुवातीचे लेखन एका वेगवान राखीव भागात घेतात. तो भरला की वेग कोसळतो, आणि क्यूएलसी प्रकारात (एका सेलमध्ये चार बिट साठवणाऱ्या चिपच्या) तर तो हार्ड डिस्कच्याही खाली जाऊ शकतो. म्हणून दोन मिनिटांच्या चाचणीवर विश्वास ठेवू नये. निदान अर्धा तास सलग लिहून पाहावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पॉवर लॉस प्रोटेक्शन, अर्थात पीएलपी. डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन आणि एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वापरण्याची पद्धत) हे ‘डेटा पक्का लिहिला गेला’ अशी पोच मिळेपर्यंत पुढे सरकत नाहीत. साध्या एसएसडीला त्यासाठी दर वेळी फ्लॅशपर्यंत, म्हणजे डेटा कायम टिकवणाऱ्या चिपपर्यंत, लिहावे लागते. पीएलपी असलेल्या एसएसडीवर कपॅसिटर असतात. वीज गेली तरी आपल्या रॅममधला डेटा फ्लॅशवर उतरवण्याइतकी ऊर्जा त्यांत असते, म्हणून ती लगेच पोच देते. अशा कामात दोघींमध्ये दहापट आणि त्याहून अधिक फरक पडतो. यूपीएस हा त्याला पर्याय नाही, कारण बाहेर यूपीएस आहे हे एसएसडीला कळत नाही. काही डेटाशीटमधले संरक्षण फक्त आधीच लिहिलेल्या डेटापुरते असते. वाटेतल्या, म्हणजे अजून रॅममध्येच असलेल्या, डेटाचे काय, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा.

आयुष्याचा हिशेब टीबीडब्ल्यूवरून, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहिता येतील या आकड्यावरून, करावा. ६०० टीबीडब्ल्यू आणि पाच वर्षांची वॉरंटी म्हणजे रोज सुमारे ३३० जीबी लेखन. रोजचे लेखन एसएसडी स्वतःच्या वापराच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते त्यांतून काढा, अंदाज नको.

झेडएफएस (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारी फाइल प्रणाली) वापरणाऱ्यांची गफलत बहुतेक वेळा इथे होते. लॉग डिव्हाइस (लेखनाची आधी नोंद घेणारी वेगळी एसएसडी) फक्त पोच मागणाऱ्या लेखनाला वेग देते, एरवीच्या कॉपीला नाही. त्याला १६-३२ जीबी पुरतात, पण पीएलपी हवेच. वाचनासाठी कॅशे डिव्हाइस घेण्याआधी रॅम वाढवावी. बारक्या फाइली आणि मेटाडेटासाठी (फाइलींबद्दलच्या माहितीसाठी) ‘स्पेशल’ डिव्हाइस उत्तम, फक्त ते मिररमध्येच, म्हणजे दोन डिस्कवर तोच डेटा ठेवून, लावावे. कॅशेची एसएसडी मेली तर काही बिघडत नाही. स्पेशल गेले तर सगळा पूल, म्हणजे एकत्र केलेल्या सगळ्या डिस्कवरचा डेटा, गेला.

मिररमधल्या दोन्ही एसएसडी एकाच मॉडेलच्या, एकाच दिवशी बसवलेल्या नसाव्यात. दोघींवर सारखेच लेखन होते, त्यामुळे त्या झिजतातही बरोबरच. फर्मवेअरचा (एसएसडीच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) दोषही दोघींत एकच असतो. सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने २०१९ साली आपल्या काही एसएसडींबाबत इशारा दिला होता: फर्मवेअर बदलले नाही, तर ३२,७६८ तास चालल्यावर त्या बंद पडतील आणि डेटा परत मिळणार नाही. एकाच वेळी सुरू केलेल्या अशा दोन एसएसडींचा मिरर काय कामाचा? फर्मवेअर अद्ययावत ठेवावे आणि बॅकअप वेगळ्या यंत्रावर असावा, हे ओघाने आलेच.

आपल्या पुरवणीत एसएसडींचे तुलनात्मक तक्ते येतात, तेव्हा वेगाच्या शेजारी टीबीडब्ल्यू, पीएलपी आणि राखीव भाग भरल्यानंतरचा वेग असे तीन रकाने वाढवावेत, ही विनंती.

आपला,
एक सर्व्हर व्यवस्थापक